पंधरा हजार वॅटचा डबा आणि ऐकू न येणारे संवाद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात पान तीनवर अर्धं पान भरून एक जाहिरात होती. दिवाळीची ऑफर, सोबत कुकर फुकट आणि लाल अक्षरांत ‘15,000 वॅट होम थिएटर’. आकड्याच्या डोक्यावर बारीक चांदणी. तिचा खुलासा वाचायला मला नातवाचं भिंग मागून घ्यावं लागलं. पानाच्या तळाशी, कुकरच्या चित्राखाली, इंग्रजीत चार अक्षरं होती: पीएमपीओ, म्हणजे क्षणभर मिळू शकेल असा सर्वांत मोठा जोर.

मी भुसावळला रेल्वेत 34 वर्षं इलेक्ट्रिक फिटर होतो. सगळी नोकरी 25,000 व्होल्टच्या तारेखाली गेली, व्होल्ट-अँपियरशिवाय दुसरी भाषा बोललो नाही. तरी दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला अशाच जाहिरातीला भुलून असाच एक डबा मी घरी आणला. त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहायचा मला हक्क आहे असं समजतो. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यानं चांदणी छापली होती, मीच वाचली नाही.

आधी हिशेब मांडतो. 15,000 भागिले 230 व्होल्ट म्हणजे 65 अँपियर. आमच्या घराची मेन एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) 32 अँपियरची आहे. म्हणजे त्या डब्यानं खरोखर 15,000 वॅट ओढले असते तर पहिल्याच गाण्याला घरात अंधार झाला असता. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे वेगळ्या शब्दांत सांगतो: 746 वॅट म्हणजे एक एचपी, तेव्हा 15,000 वॅट म्हणजे 20 एचपीची मोटर. ट्यूबवेलवर 20 एचपीची मोटर चालताना ज्यानं पाहिली आहे, स्टार्टर पाहिला आहे, केबलची जाडी पाहिली आहे, त्यानं मग शोकेसवर ठेवलेला तो चार किलोचा डबा आणि त्याची शिवणयंत्राच्या दिव्याला असते तेवढी बारीक वायर पाहावी. मी माझा डबा उलटा केला तेव्हा मागच्या पट्टीवर स्वच्छ लिहिलेलं होतं: 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 120 वॅट. भिंतीतून 120 घेणार आणि खोलीत 15,000 देणार! असं यंत्र निघालं असतं तर दीपनगरचं वीज केंद्र कधीच बंद करावं लागलं असतं.

कुणी म्हणेल, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज क्षणभर जास्त जोर देऊ शकते. देते, हे मलाही माहीत आहे. पण तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात मोजायचा असतो आणि पीएमपीओ कसा मोजायचा याचं सर्वमान्य मोजमापच नाही. ज्याला जो आकडा शोभेल तो त्यानं छापावा. आरएमएस किंवा ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत देता येणारे वॅट, म्हणून जो आकडा देतात तोच काय तो विचारण्यासारखा. त्यातही खोच आहे. आता माझ्याकडे जो रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटणारं यंत्र) आहे तो नावाजलेल्या जपानी कंपनीचा आहे (नाव लिहिलं तर माझीच जाहिरात व्हायची). त्याच्या पत्रकात एकाच यंत्राला तीन आकडे आहेत. 8 ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध), 20 ते 20,000 हर्ट्झ (कानाला ऐकू येणारे सगळे सूर), दोन चॅनेल (दोन स्पीकरांच्या वाटा) एकदम चालवून, 0.09 टक्के विकृतीला (आवाज फाटण्याला) 70 वॅट. 6 ओहमवर, फक्त 1,000 हर्ट्झचा एकच सूर, एकच चॅनेल चालवून 100 वॅट. आणि तेच 10 टक्के विकृती चालवून घेतली तर 135 वॅट. यंत्र तेच, आतला ट्रान्सफॉर्मर तोच. दुकानाच्या पाटीवर कोणता आकडा होता हे सांगायला नको. आपण 70 धरायचा. तो चांगला प्रामाणिक आकडा आहे आणि माझ्या 11 बाय 16 फुटांच्या हॉलला तो पुरून उरतो.

लोकांचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून थोडं खोलात जातो. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त 3 डेसिबल वाढतो. कान देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. 70 चा रिसीव्हर सोडून 100 चा घेतला तर फरक दीड डेसिबलचा, आणि त्यासाठी आपण पाच-सात हजार रुपये जास्त मोजतो. उलट स्पीकरच्या मागे जी संवेदनशीलता लिहिलेली असते, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, ती 85 ऐवजी 88 असेल तर तेवढ्यानंच निम्म्या वॅटमध्ये तोच आवाज मिळतो. ती ओळ दुकानात कुणी वाचत नाही. नेहमीच्या आवाजात सिनेमा बघताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटसुद्धा लागत नाहीत. बाकीचे वॅट बॉम्ब फुटायच्या वेळेसाठी राखीव असतात.

पण माझं दुखणं बॉम्बचं नव्हतंच. आईला आम्ही माय म्हणतो. तिचं वय 84, पारोळ्याकडची, बोलणं पक्कं अहिराणी. तिला संध्याकाळी मालिका बघायची असते आणि तिच्यासाठीच मी तो पहिला डबा आणला होता. लावला, आणि ढोल वाजला की शोकेसमधल्या काचेच्या वाट्या थरथरायच्या. माय म्हणायची, “काय बोली ऱ्हायना तो? नुसता धडाम-धुडूम!” (म्हणजे, काय बोलतोय तो?) मी आवाज वाढवायचो. धडाम वाढायचं, बोलणं तिथंच. शेवटी तिनं टीव्हीला पाठ करून पोथी वाचायला सुरुवात केली. वर्षभरानं तो डबा भाच्याच्या फराळाच्या गाडीवर गेला. तिथं बरा चालतो, तिथं संवाद नसतात.

मग रिसीव्हर आणि पाच स्पीकर, एक वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) असं वेगवेगळं घेतलं. दोन महिन्यांची पेन्शन गेली. दुकानदार 7.2 (सात स्पीकर, दोन वूफर) घ्या, छतातले दोन लावा, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो ती पद्धत) होईल म्हणत होता. आमच्या सोफ्याच्या मागे लगेच भिंत आणि एका बाजूला स्वयंपाकघराचं दार. सातवा स्पीकर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? मी पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे 5.1 वर थांबलो आणि वाचलेले पैसे मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर घातले. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं त्या एकाच स्पीकरमधून येतं, पण दुकानात तो सगळ्यात शेवटी, ‘सेटमध्ये येतोच’ असं म्हणून दाखवतात.

फिटिंगला एक मुलगा आला. चुणचुणीत होता, वीस मिनिटांत सगळं जोडून चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, “काका, आता थिएटर विसरा.” संध्याकाळी माय पुन्हा तेच म्हणाली. मला राग आला तो स्वतःचा. आयुष्यभर दुसऱ्यानं केलेलं कनेक्शन तपासल्याशिवाय मी कधी लाइन चार्ज केली नाही आणि घरात मात्र चहा देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन बसलो. सापडलं ते असं.

एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) वायर टीव्हीच्या दुसऱ्या खोबणीत होती. टीव्हीतला आवाज उलटा रिसीव्हरकडे पाठवायची सोय फक्त ज्या खोबणीवर ‘एआरसी’ लिहिलेलं असतं तिथूनच होते. 2009 नंतरच्या एचडीएमआयमध्ये ही सोय आली. नव्या टीव्हींवर ‘ईएआरसी’ असतं, ते त्याहून जास्त आवाज वाहून नेतं. मुलानं ती खोबणी सोडून आवाजासाठी वेगळी ऑप्टिकल वायर लावली होती. तेही चाललं असतं, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर होता. त्यामुळे पाच चॅनेलचा सिनेमा टीव्हीतूनच दोन चॅनेलचा होऊन बाहेर पडत होता आणि रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर असल्यानं सेंटर मुका. ज्या स्पीकरवर मी सगळ्यात जास्त पैसे घातले होते तो महागडा फुलदाणीचा स्टँड झाला होता. वायर एआरसीत घातली, दोन्हीकडचं सीईसी (त्याच वायरीतून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू केलं, टीव्हीचं सेटिंग ‘पीसीएम’वरून ‘ऑटो’ केलं. रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बीचं नाव उमटलं आणि सेंटरमधून पहिल्यांदा माणूस बोलला.

तरी आवाज पोकळ होता, बेस कुठं गेला कळत नव्हतं. डाव्या स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली होती. दोन्ही वाजतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण एकाचा पडदा (स्पीकरच्या तोंडावरचा, आवाज काढणारा) पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि जाड आवाज एकमेकांना खातो. हे तपासायची जुनी युक्ती सांगतो: रिसीव्हर बंद करून वायर त्याच्या मागून काढा आणि त्या टोकाला भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलची अधिक (+) बाजू लाल तारेला. पडदा पुढे उसळला तर जोडणी बरोबर. वायरची टोकं पिळताना तांब्याचा एखादा केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागला तर रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’मध्ये जाऊन बंद पडतो, नशीब खराब असेल तर जळतो. आणि वायरीवर पैसे उधळू नका. घरच्या वायरिंगला वापरतात तीच 1.5 चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत 8 ओहमच्या स्पीकरला भरपूर आहे.

सेंटर स्पीकर फिटिंगच्या मुलानं शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर, छताजवळ ठेवला होता, कारण ‘तिथं दिसायला चांगला’. माय खाली गादीवर बसते. मी तो टीव्हीच्या खाली आणला आणि पुढच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी देऊन तोंड वर, तिच्या कानाकडे केलं.

आता सेटिंगचा माईक. बहुतेक रिसीव्हरसोबत पेढ्याएवढा माईक येतो, तो बसायच्या जागी ठेवायचा, यंत्र एकेका स्पीकरमधून शूं शूं आवाज सोडतं आणि अंतर, जोर, घुमणं मोजून स्वतःच जुळवतं. फिटिंगच्या मुलानं तो सोफ्याच्या गादीवर टाकून, पंखा चालू ठेवून मोजमाप केलं होतं. मी पहाटे साडेपाचला केलं. एप्रिल संपत आला होता, सहानंतर कूलर बंद ठेवणं भुसावळात कुणाला जमत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, मंडळींना ओट्यावर पाठवलं. माईक फोटोच्या तिपाईवर, मायचा कान गादीवर बसल्यावर जिथं येतो त्या उंचीला. उंची सुतळीनं मोजली. घामानं शर्ट ओला झाला, पण यंत्रानं जे लिहून दाखवलं ते टेपनं मोजलेल्या अंतरांशी बोटाबोटाचं जुळलं. फक्त वूफर टेपनं 9 फूट आणि यंत्र म्हणे 14. मी ते 9 करायला निघालो होतो. माझा मुलगा पुण्याला असतो, त्यानं फोनवर थांबवलं: वूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तेवढा उशीर यंत्र फुटांत मांडतं, हात लावू नका. ऐकलं. पुढचे स्पीकर मात्र यंत्रानं ‘लार्ज’ (जाड आवाजही स्वतः काढणारे) ठरवले होते, ते मी ‘स्मॉल’ केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वाटून द्यायची सीमा, 80 हर्ट्झवर ठेवला. 80 च्या खालचं काम वूफरचं; साडेपाच इंची पडद्याला कशाला राबवायचं? सेंटरचा जोर 3 डेसिबल वाढवला, आणि रात्री मोठे आवाज दाबून बोलणं वर आणणारं सेटिंग असतं ते चालू केलं.

वूफर कुठं ठेवायचा यासाठी तर आमच्या घरात तमाशा झाला. पद्धत अशी की वूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेनं रांगत जायचं. जिथं बेस स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तिथं वूफर न्यायचा. मायच्या गादीवर वूफर विराजमान आणि 62 वर्षांचा मी गुडघ्यांवर. माय दारातून म्हणाली, “हाऊ येडा व्हयना का काय?” (हा वेडा झाला की काय?) जागा मात्र सापडली: कोपऱ्यात नाही, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर, पाण्याच्या माठाशेजारी. माठ हलवावा लागला.

एक गोष्ट मला कुठल्याच पत्रकात सापडली नाही. पारोळ्याचं आमचं जुनं घर धाब्याचं होतं. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यावर काटक्या आणि पांढरी माती. त्या घरात दोन बँडचा रेडिओ होता, त्यातल्या बातम्या माय चुलीपाशी बसून शब्द न् शब्द ऐकायची. आताचं घर स्लॅबचं, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइल पेंट. हॉलमध्ये टाळी वाजवली की मागून ‘टर्रर’ असा आवाज येतो. तीच टर्रर प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लागते आणि वाक्याचा चिखल होतो. म्हाताऱ्या कानाला तो निवडता येत नाही. कुठलाही रिसीव्हर हे पूर्ण काढू शकत नाही. मी सोफ्यामागच्या भिंतीवर मायनंच शिवलेली नऊवारीची जाड गोधडी खिळ्यांवर टांगली, खाली सतरंजी अंथरली, खिडकीला दुपदरी पडदा लावला. पुन्हा टाळी वाजवली तर टर्रर जवळपास गेली. माझ्या मते त्या गोधडीनं पाचशे वॅटचं काम केलं. मंडळींचं मत वेगळं आहे. पाहुणे आले की त्या गोधडी काढायला लावतात.

एक फजिती राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण, लेक, तिची मुलं सगळी आली होती. घागर भरून झाली, आमरस-पुरणपोळी झाली, दुपारी सिनेमा लावला आणि ऐन रंगात आवाज गेला. रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता. बाहेर 44 अंश होते, आणि धूळ नको म्हणून मी रिसीव्हर शोकेसच्या काचेच्या दाराआड ठेवला होता, वर सेट टॉप बॉक्सही ठेवला होता. मॅन्युअलात स्पष्ट आहे की यंत्र 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा आणि जाळ्या मोकळ्या ठेवा. जपानमध्ये लिहिणाऱ्याला आमचा मे महिना काय माहीत! तासभर गार होऊ दिल्यावर चालला. तेव्हापासून तो उघड्यावर आहे, वर चार बोटं रिकामी जागा, कूलरची झुळूक लागते पण ओल लागत नाही अशा बेतानं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथल्या लोकांनी चांगला स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग आधी करावं. स्पीकर सारखा हं हं करत असेल तर तो बहुतेक अर्थिंगचा किंवा केबल टीव्हीच्या तारेचा दोष निघतो, यंत्राचा नाही.

आता आपल्याकडे मागणं. जाहिराती हे वर्तमानपत्राचं पोट आहे, हे मी समजतो. पण अमेरिकेत 1974 पासून नियम आहे की घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट जाहिरातीत छापायचे तर सतत देता येणारे वॅट सांगितलेच पाहिजेत. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; त्यानुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत हवा. मराठीत लाल 15,000 आणि इंग्रजीत मुंगीएवढं पीएमपीओ हे त्यात कसं बसतं, ते आपल्या जाहिरात विभागानं मला सांगावं. जाहिरात घेताना एवढंच विचारा: मागच्या पट्टीवर किती वॅट लिहिले आहेत? तो आकडा त्याच आकाराच्या अक्षरांत शेजारी छापा. दुकानदारांना माझी विनंती, डबे मांडताना एक तरी पाठमोरा ठेवा. ज्यांचं आधीच फसून झालं आहे त्यांच्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

पत्र संपवतो, मालिकेची वेळ झाली आहे. आतून मायचा आवाज येतोय. पूर्वी ती “काय बोली ऱ्हायना” असं विचारायची. आता तिला सगळं ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीतल्या सुनेशी तिचं रोज भांडण होतं आणि मध्ये बोललं तर ती मलाच गप्प बसवते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इलेक्ट्रिक फिटर,
भुसावळ, जि. जळगाव